भरतीच्या जोरावर चालणारी डोल

मुंबईतल्या वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) जुन्याजाणत्या डोलकराला, म्हणजे डोल जाळ्याने मासे धरणाऱ्या कोळ्याला, भरतीची वेळ विचारली, तर तो आधी तिथी आठवतो आणि तिची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाला. पंधरवडा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. या तोंडी हिशेबामागे पक्कं खगोलशास्त्र आहे. 30 तिथींत चंद्र सूर्याच्या मानाने आकाशाची एक पूर्ण फेरी मारतो. 24 तासांचा फरक 30 तिथींत वाटला, तर एका तिथीच्या वाट्याला 48 मिनिटं येतात. तोंडी गणिताला सोपी म्हणून 45, म्हणजे पाऊण तास, धरायची. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास पूर्ण होते, म्हणून हा हिशेब इथे बसतो. भरती दिवसातून दोनदा येत असल्याने तोच आकडा रात्रीलाही चालतो आणि दिवसालाही.

हा हिशेब कोळ्यांना इतका लागतो, कारण मुंबईची खास मासेमारी पाण्याच्या ओढीवरच उभी आहे. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचं लांबलचक पिशवीजाळं. मोठी डोल 50 मीटरच्याही पुढे जाते. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ती दोरांनी बांधतात आणि तोंड येणाऱ्या पाण्याकडे करतात. तोंडाशी जाळ्याचे आस, म्हणजे विणीची भोकं, मोठे असतात, मागे ते बारीक होत जातात आणि शेवटी खोल्याशी, म्हणजे जाळ्याच्या बंद टोकाशी, जवळाही अडकेल इतके लहान होतात. होडीने मासळीचा पाठलाग करायचा नाही, तळावरून जाळं ओढायचं नाही. प्रवाह वाहतो, त्याच्याविरुद्ध पोहण्याचं बळ नसलेले जीव आत येतात आणि मागे ढकलले जातात. पाणी थबकलं की डोल उचलायची. उशीर केला तर प्रवाह उलटा फिरतो आणि आलेली मासळी परत निघून जाते. भरती-ओहोटीच्या मधल्या त्या थोड्या वेळात सगळं काम उरकावं लागतं. म्हणून कोळीवाड्याचा दिवस घड्याळावर चालत नाही.

उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जोरात धावतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर जाळ्यावरचा दाब चौपट होतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी येतं, डोलीला ओढ मिळत नाही आणि धंदा मंदावतो.

मग ही डोल कोकणभर सारखी का दिसत नाही? उत्तर भूगोलात आहे. कोचीत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर, गोव्यात दोनच्या आसपास, मुंबईत मोठ्या उधाणाला पाच मीटरपर्यंत आणि खंबायतच्या आखाताच्या टोकाशी दहाच्याही वर. मुंबईसमोरचा उथळ समुद्र जवळजवळ 300 किलोमीटर पसरला आहे. अशा उथळ, उत्तरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या जागेत भरतीची लाट उंचावत जाते. पाणी जितकं चढतं-उतरतं, तितकं ते जोरात वाहतं. मालवणकडे ही ओढ कमी आणि वाळूचे किनारे लांब, म्हणून तिथे शेकडो हातांनी किनाऱ्यावर ओढायची रापण रुजली. इथे गढूळ, वाहतं पाणी आहे, म्हणून डोल रुजली. बोंबलालाही असंच पाणी मानवतं. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो मुबलक मिळतो, रत्नागिरीच्या खाली विरळ होतो आणि पुन्हा सापडतो तो थेट बंगालच्या उपसागरात.

खोल्याची गाठ सुटते तेव्हा फळीवर आधी गुलाबी-करडा जवळा सांडतो, मग सोनेरी मांदेली, करंदी, चकाकणाऱ्या वाकट्या आणि पारदर्शक वाटावेत असे लिबलिबीत बोंबील. बोंबलाच्या अंगात 85 ते 90 टक्के पाणीच असतं, त्यामुळे तो ताजा फार टिकत नाही. किनाऱ्यावर बायका दोन बोंबील हातात घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवाच्या, दोरीवर टाकतात. दात आत वळलेले असल्याने पकड सुटत नाही. मीठ लागत नाही, ऊन आणि खारा वारा पुरतो. पाणी उडून गेलं की जिवाणूंना वाढायला जागा राहत नाही. हे काम इतक्या झपाट्याने चालतं की नजर ठरत नाही.

हे पाहायचं तर वेसावे, मढ किंवा गोराईला हिवाळ्यात जावं, शक्यतो उधाणाच्या दिवसांत. वेसाव्याहून खाडी ओलांडून मढला जायला फेरीबोट आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा जाळी शिवताना दिसतील. वलांड्यांतून चालताना दोरीला हात लावू नये आणि फोटोआधी मावशींना विचारावं. तिथे बाजार आणि वाळवण दोन्ही त्यांच्याच हातात आहेत.

डोल तळ खरवडत नाही, डिझेल कमी खाते, याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं. पण तिचा दोषही तितकाच खरा आहे. बारीक खोल्यात जवळ्याबरोबर पापलेटची नखाएवढी पिल्लंही येतात. 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याची पिल्लं वजनावर विकली जाणं मला अजिबात पटत नाही. उपाय आहे: खोल्याला चौकोनी आस लावायचे. तिरके, हिऱ्याच्या आकाराचे आस ताण पडला की मिटतात, चौकोनी उघडे राहतात आणि बारकी पिल्लं निसटतात. मात्र जवळ्यासाठी डोल लावणाऱ्याचं त्यात नुकसान होतं. तेव्हा पिल्लांच्या हंगामापुरते आस मोठे करायचे आणि त्या काळातली भरपाई सरकारने द्यायची, हा मला रास्त मार्ग वाटतो.

आणि प्लॅस्टिक. वाहत्या पाण्यात जे येईल ते डोल गाळते, त्यामुळे मिठी आणि मालाडच्या खाडीतून वाहून आलेल्या पिशव्याही खोल्यात भरतात. आस बुजले की पाणी आरपार जात नाही, जाळं फाटतं आणि मासळी निवडायला दुप्पट वेळ लागतो. तो कचरा शहराने टाकलेला असतो आणि निवडत बसतात त्या कोळणी.