गर्भश्रीमंत आणि नवश्रीमंत: ‘द ग्रेट गॅट्सबी’तल्या खाडीचे दोन काठ

‘गर्भश्रीमंत’ हा आपल्याकडचा फार नेमका शब्द आहे. माणूस जन्माला यायच्या आधीच श्रीमंत होता, हे सगळं त्या एका शब्दात येतं. ‘नवश्रीमंत’ हा शब्दही पैसेवाल्याचाच, पण तो उच्चारताना बोलणाऱ्याचं नाक जरा मुरडलेलं असतं. ‘द ग्रेट गॅट्सबी’ वाचायला घेताना हे दोन शब्द हाताशी ठेवावेत. ही कादंबरी बरेच जण गरीब-श्रीमंतांची गोष्ट म्हणून वाचतात: गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, मुलगा पुढे बक्कळ पैसा मिळवतो, तरी ती त्याची होत नाही. पण डेझीवरून तिचा नवरा टॉम आणि तिचा जुना प्रियकर गॅट्सबी समोरासमोर येतात, तेव्हा दोघंही गडगंज असतात. पैशाचा प्रश्न तोवर कधीच मिटलेला असतो, आणि तरीही एक जण आतला आणि एक जण बाहेरचाच राहतो.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी एप्रिल १९२५ मध्ये आली. ती घडते १९२२ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. तिथे खाडीच्या दोन बाजूंना ईस्ट एग आणि वेस्ट एग अशा दोन वस्त्या आहेत. पहिल्या वाचनात ही नावं हमखास उलटसुलट होतात, म्हणून एकदा पक्कं करून घ्यावं. पूर्वेकडचं ईस्ट एग गर्भश्रीमंतांचं, तिथे टॉम आणि डेझी ब्यूकॅनन राहतात. पश्चिमेकडचं वेस्ट एग नवश्रीमंतांचं, तिथे गॅट्सबी. नावं कल्पित आहेत, खाडी खरी आहे: फिट्झजेराल्ड १९२२ पासून दीडेक वर्ष ग्रेट नेकला राहत होता, त्यावरून वेस्ट एग आलं आणि मॅनहॅसेट खाडीपलीकडच्या भागावरून ईस्ट एग.

टॉमचं घर लाल-पांढरं, जुन्या वसाहतकाळातल्या धाटणीचं. हिरवळ समुद्रकाठी सुरू होते ती पाव मैल धावत थेट दारापर्यंत येते. गॅट्सबीचा वाडा याहून टोलेजंग आहे. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या कुठल्याशा नगरभवनाची ती नक्कल. एका बाजूला मनोरा, संगमरवरी तरणतलाव, चाळीस एकरांहून जास्त बाग. पण मनोरा कोरा करकरीत आहे, आणि त्यावर आयव्हीची वेल नुकती कुठे चढू लागली आहे. माझं लक्ष दर वेळी त्या वेलीवरच अडतं. दगड पाहिजे तेवढा आणता येतो, वेल दाट व्हायला मात्र वर्षं जावी लागतात.

हा वाडा मुळात बांधला होता बिअरच्या एका कारखानदारानं. आजूबाजूच्या घरांनी आपली छपरं गवतानं शाकारून घेतली, तर त्यांचा पाच वर्षांचा कर भरायला तो तयार होता. त्याला नुसता वाडा नको होता, वाड्याभोवती कुळांच्या झोपड्या असाव्यात तसा देखावा हवा होता. शेजारी काही तयार झाले नाहीत. म्हातारा खचला आणि गेला, आणि दारावरचं सुतकाचं काळं पुष्पचक्र उतरायच्या आत मुलांनी वाडा विकून टाकला. कादंबरीत हे सगळं जेमतेम एका परिच्छेदात येतं, पण गॅट्सबीचं पुढे काय होणार ते तिथेच कळतं.

दोघांमधला खरा फरक दिसतो तो पैशाच्या चौकशीत. टॉमच्या घराण्याकडे पैसा आला कुठून, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. तो शिकागोहून येतो, येताना पोलोचे घोडे घेऊन येतो, लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार देतो, आणि यातलं काही कुठून आलं असं कोणी विचारत नाही. गॅट्सबीबद्दल मात्र त्याच्याच मेजवान्या झोडणारे लोक त्याच्याच बागेत उभं राहून कुजबुजतात: यानं खून केलाय म्हणे, युद्धात जर्मनांचा हेर होता म्हणे. पुढे टॉम माणसं लावून माहिती काढतो. अमेरिकेत जानेवारी १९२० पासून दारूबंदी होती आणि गॅट्सबीचा पैसा औषधांच्या दुकानांआडून चालणाऱ्या चोरट्या दारूचा असतो. हा गुन्हा आहे, यात शंका नाही. पण पैशाचा उगम विचारला जातो तो फक्त एकाला, हेही तितकंच खरं. आणि इथलं ‘जुनं’ तरी किती जुनं? गोष्ट सांगणारा निक कॅरवे आपल्या घराण्याचा संबंध स्कॉटलंडच्या ड्यूकांशी लावतात असं सांगतो. प्रत्यक्षात मूळ पुरुष म्हणजे १८५१ मध्ये आलेले चुलत आजोबा, ज्यांनी यादवी युद्धात स्वतःऐवजी बदली माणूस पाठवला आणि लोखंडी सामानाचा घाऊक धंदा सुरू केला.

पैशाचा उगम नवश्रीमंतालाच विचारला जातो, हे गॅट्सबीलाही ठाऊक आहे. म्हणूनच तो खोटं बोलतो ते वारशाबद्दल. आपण सधन घरातले, घरचे सगळे गेले, त्यांचा पैसा आपल्याकडे आला, असं तो निकला सांगतो. पुढे एकदा वाड्याकडे कौतुकानं बघताना त्याच्या तोंडून निघून जातं की एवढे पैसे मिळवायला तीन वर्षं लागली. निक विचारतो, पण ते तर वारशानं आलेले ना? तो घाईघाईनं सारवासारव करतो. तीन वर्षांत शून्यातून एवढं उभं केलं ही गोष्ट खरं तर छाती पुढे काढून सांगायची, आणि हा माणूस ती लपवतो. मला हे फार लागतं.

आता सहाव्या प्रकरणातला छोटासा प्रसंग. टॉम, स्लोन नावाचा गृहस्थ आणि एक बाई असे तिघं घोड्यांवरून फिरत गॅट्सबीकडे येतात. गॅट्सबी हरखून जातो, काय घेणार, सिगारेट घ्या, असं त्याचं चालू असतं. दोन पेले पोटात गेल्यावर ती बाई म्हणते, या ना आमच्याकडे जेवायला. निकच्या लगेच लक्षात येतं की हे नुसतं तोंडदेखलं आहे, तो नम्रपणे नकार देतो. गॅट्सबी मात्र हो म्हणतो. माझ्याकडे घोडा नाही, सैन्यात असताना बसायचो, मी गाडी घेऊन मागून येतो, असं म्हणून तो आत जातो. बाहेर टॉम चकित: हा खरंच निघाला की काय? तिला तो नकोय हे याला कळत नाही का? स्लोन घोड्यावर बसतो. हातात हॅट आणि कोट घेऊन गॅट्सबी दारात येतो तोवर तिघंही झाडांआड दिसेनासे झालेले असतात.

त्याचा अपमान होईल असं एक वाक्यही कोणी उच्चारत नाही. ‘या’चा अर्थ ‘येऊ नका’ असाही असतो, हे ज्याला जन्मापासून कळतं तो आतला. हे शिकवणारी शाळा नाही आणि हे विकणारं दुकानही नाही.

‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग या कादंबरीत नाही. तो लोकांच्या तोंडी रुजला १९३१ मध्ये, इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांच्या लेखनामुळे. त्यांचं म्हणणं होतं की हे स्वप्न केवळ मोटारी आणि मोठ्या पगारांचं नाही. कुठे जन्मलात हे न बघता, तुम्ही जे आहात ते म्हणून लोकांनी तुम्हाला ओळखावं, हे ते स्वप्न. म्हणजे यातही दोन गोष्टी आहेत, आणि आपण त्या सर्रास एक समजतो: मिळवणं आणि मानलं जाणं. नॉर्थ डकोटातल्या जिमी गॅट्झनं, म्हणजे लहानपणीच्या गॅट्सबीनं, १९०६ मध्ये एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर स्वतःचं वेळापत्रक लिहिलं होतं: सहाला उठणं, व्यायाम, अभ्यास, काम, बोलण्याची ढब सुधारणं. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे वडील ते पान निकला दाखवतात. त्या पोरानं पहिली गोष्ट पुरती साधली. दुसरीसाठी त्यानं नावसुद्धा बदललं, आपण ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकलो असं सांगितलं, आणि तरीही गुलाबी सूट घातलेला माणूस ऑक्सफर्डचा कसा असेल, हे टॉमचं म्हणणं त्याला खोडता येत नाही.

या सगळ्याची किंमत कुणी मोजली तेही पाहावं. दोन वस्त्या आणि शहर यांच्यामध्ये राखेचा एक उजाड पट्टा आहे, तिथे गॅरेजवाला विल्सन आणि त्याची बायको मर्टल राहतात. गॅट्सबीची गाडी डेझी चालवत असताना मर्टल त्या गाडीखाली मरते. आळ गॅट्सबी स्वतःवर घ्यायला निघतो. गाडी कोणाची ते टॉम विल्सनला सांगतो आणि विल्सन गॅट्सबीला गोळी घालून स्वतःलाही संपवतो. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून गेलेले असतात. अंत्यविधीला तिच्याकडून निरोप नाही, फूल नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर निकला टॉम दिसतो. आपलं काही चुकलं असं टॉमला अजिबात वाटत नसतं. दोघं हात मिळवतात आणि टॉम एका जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो, मोत्यांचा हार घ्यायला, नाहीतर नुसती कफलिंकची जोडी.