उजनी मायनस वीस टक्के : आंतरविद्याशाखीय वैकल्पिक विषयांची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की सोलापुरात उजनी धरणातल्या पाण्याचा आकडा रोज पेपरात येतो. धरण 'मायनसमध्ये गेलं' ही बातमी नववी-दहावीच्या मुलांना सवयीची असते. पण पाणी शून्याच्या खाली जातं कसं, असं एखाद्यानं वर्गात विचारलं तर गणिताचे सर भूगोलाकडे पाठवतात आणि भूगोलाच्या बाई गणिताकडे. उत्तर अवघड नाही. उजनीचा मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राखायचं पाणी, 63.66 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि उपयुक्त साठा 53.57 टीएमसी. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे उणे 20 टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातलं 10.71 टीएमसी पाणी वापरून झालं, आणि तळाशी कागदोपत्री अजून 52.95 टीएमसी आहे. कागदोपत्री, कारण त्या आकड्यात गाळानं किती जागा खाल्ली ते दिसत नाही.

हे एवढं समजायला गणित लागतं, भूगोल लागतो आणि उसाला की शहराला, आधी पाणी कुणाला हे ठरतं कसं ते समजायला नागरिकशास्त्रही लागतं. एकाच धरणावर तीन शिक्षकांनी आपापला तास घेतला तर तो बहुविद्याशाखीय कार्यक्रम झाला. एका प्रश्नासाठी तिन्ही विषयांची हत्यारं एकत्र वापरावी लागली तर तो आंतरविद्याशाखीय. शाळांच्या परिपत्रकांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिलाच प्रकार चालतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे हा विचार नवा वाटतो, पण तो महाराष्ट्रातच वाढला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकवण्याचा, आराखडा तयार झाला. त्यातलं दिवसाचं वेळापत्रक आजही वाचण्यासारखं आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला (सूतकताईसारख्या हस्तोद्योगाला) 3 तास 20 मिनिटं, मातृभाषेला 40 मिनिटं, संगीत-चित्रकला-गणित मिळून 40, समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून 30, व्यायामाला 10 आणि सुट्टीला 10. सूत कातताना गणित, कापसाबरोबर भूगोल, अशा या पद्धतीला 'समवाय' म्हणत. पुढे तो ढासळला. टकळीवरून त्रैराशिकापर्यंत जाणारा शिक्षक घडवणं सोपं नव्हतं, आणि ही शिक्षणपद्धत गरिबांच्या पोरांसाठी आहे असा समज पालकांनी करून घेतला. एक मात्र मान्य करायला हवं, की त्यानंतर कुठल्याही योजनेनं जोडविषयाला, म्हणजे अनेक विषय जोडणाऱ्या अशा विषयाला, दिवसाचे तीन तास दिले नाहीत.

1952-53 च्या मुदलियार आयोगानं बहुउद्देशीय शाळा सुचवल्या आणि माध्यमिक स्तरावर विषयांचे सात गट आखले. हेतू निवड वाढवण्याचा होता. निघालं उलटंच. गटाच्या भिंती झाल्या, आणि आपल्याकडे 'साईड कुठली घेतली?' हा प्रश्न मुलाची किंमत ठरवू लागला. कोठारी आयोगानं (1964-66) विशेषीकरण दहावीनंतर ढकललं आणि 'कार्यानुभव' हा शब्द दिला. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्यालाच समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं. शाळेत हे पोचलं ते खडू, मेणबत्त्या आणि पायपुसण्यांच्या रूपानं. फेब्रुवारीत गणिताचा भाग मागे राहिला की पहिला बळी कार्यानुभवाच्या तासिकेचा.

याला ठळक अपवाद पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. तिथे डॉ. श्रीनाथ कालबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय बसवला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस, आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं करत ती कामं गावाला हवी असलेली, म्हणजे त्यांचा उपयोग खरा. शिवाय विषयाला मंडळाची मान्यता होती, म्हणजे गुण होते.

गुण असले की विषय टिकतो, हे अकरावी-बारावीतही दिसतं. द्विलक्ष्यी अभ्यासक्रम (नेहमीच्या विषयांबरोबर एक व्यावसायिक विषय) टिकला, कारण त्याचे 200 गुण दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी बसतात. इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा हिशेब करूनच इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतो. माहिती तंत्रज्ञान हा तिन्ही शाखांना खुला विषयही भाषेच्या जागी घेता येतो, म्हणून वर्ग भरतात. (याची किंमत मराठीनं मोजली, हेही नोंदवायला हवं.) उलट पर्यावरण शिक्षण पाहा. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये ते शाळांत सक्तीचं करायला सांगितलं. बारावीला त्याचे 50 गुण होते तोवर प्रकल्प निदान लिहिले जात. मग बारावीची एकूण बेरीज 650 वरून 600 वर आली, 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' असं चांगलं पुस्तक हाती आलं आणि विषयाला उरली फक्त श्रेणी. तेव्हापासून एकाची प्रकल्पवही आणि वर्गाची नक्कल. कुठला विषय जगेल हे पाहायचं असेल तर पाठ्यपुस्तक मिटून वेळापत्रक आणि गुणपत्रिका उघडावी.

जलसुरक्षा सोलापुरात खरोखर शिकवायची तर सामग्री घरातच आहे. नळाला चार दिवसांनी पाणी येतं असं धरू. 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला 18 लिटर. दीड तास पाणी आलं की 1,620 लिटर. घरात पाच माणसं असली तर माणशी रोज 81 लिटर, आणि शहरांसाठीचं प्रमाण 135 लिटर. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मोजणी एकदाच, पाणी आल्या आल्या करणं. शेजारच्या मोटारी सुरू झाल्या की धार निम्मी होते, त्यामुळे सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा मोजून सरासरी काढावी लागते. ज्यांच्याकडे मोटार आहे आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या तर समाजशास्त्राचा धडा आपोआप तयार होतो. पुढे एकोणिसाव्या शतकातला एकरुख तलाव, भीमेवरचा औज बंधारा, उजनीची जलवाहिनी असा शहराच्या पाण्याचा नकाशा काढता येतो. त्याच्याही मागे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी खोदवला अशी परंपरा असलेला तलाव आहे, आणि त्यांची वचनं कानडीत आहेत. सोलापूरच्या वर्गात ती मूळ भाषेत वाचू शकणारी दोन-तीन मुलं सापडतातच. पंचवीस-तीस तासिकांत हे सगळं बसतं, चार-पाच जणांचा गट ठेवला तर. गट दहाचा केला की दोघं मोजतात आणि आठ जण सही करतात.

अडतं ते तपासणीवर. वही भूगोलाच्या बाईंनी तपासायची की विज्ञानाच्या सरांनी? संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळतील ते सरकार ठरवतं तेव्हा, पद विषयावर ठरतं, आणि जोडविषयाचा कार्यभार कुणाच्याच नावावर पडत नाही.

2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं अकरावी-बारावीला दोन भाषा आणि त्याखेरीज चार विषय, तेही किमान दोन वेगळ्या गटांतून, अशी रचना सुचवली. आंतरविद्याशाखीय क्षेत्रं सामाजिक शास्त्रांच्या गटात आहेत. म्हणजे रसायनशास्त्राबरोबर इतिहास घेता यायला हवा. त्यासाठी सर्व तुकड्यांचे वैकल्पिक तास एकाच वेळी लावावे लागतात. जितके विषय तितक्या खोल्या लागतात, आणि एकच शिक्षक दोन तुकड्यांना पुरवता येत नाही. शहरातल्या मोठ्या कनिष्ठ महाविद्यालयाला हे जमेल. करमाळा किंवा अक्कलकोट भागात फक्त कला शाखा असलेल्या ठिकाणी प्रयोगशाळाच नाही. त्यावर 2020 च्या धोरणाचं उत्तर शाळा संकुल: जवळच्या शाळांनी शिक्षक आणि साधनं वाटून घ्यायची. ही कल्पनाही कोठारी आयोगाच्याच अहवालातली, 1966 ची. शनिवारी शेजारच्या गावात प्रात्यक्षिक ठेवायचं ठरलं तरी आधी एसटीचं बघावं लागेल. विद्यार्थ्याचा सवलतीचा पास घर ते आपली शाळा एवढ्याच मार्गाचा असतो.