मॉडेल ७० की मॉडेल ७००?

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूत येतो, आणि त्याच्या आधी बंदुकांच्या दुकानांत एक जुना वाद पुन्हा रंगतो. विंचेस्टरची मॉडेल ७० घ्यावी की रेमिंग्टनची मॉडेल ७००? पहिली १९३६ साली आली, दुसरी १९६२ साली. दोन्ही बोल्ट-ॲक्शन रायफली. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा. गोळी झाडून झाली की त्याची मूठ हाताने वर उचलून मागे खेचायची, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडते. मूठ पुढे ढकलून खाली दाबली की नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसतं आणि बोल्टला कुलूप लागतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणाला पडत नाही. तिथे मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं बरंचसं काम परवानाधारक शिकाऱ्यांकडून होतं, आणि १९३७ सालच्या एका कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना दिला जातो. या व्यवस्थेत शिकाऱ्यावर एक जबाबदारी येते. जनावर एका गोळीत, लगेच मेलं पाहिजे. पोटात गोळी लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. म्हणून रायफल निवडताना कशाकडे पाहायचं, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. नेमक्या त्याच ठिकाणी बहुतेक जण चुकीची मोजणी करतात.

रूढ पद्धत अशी: शंभर यार्डांवर कागद लावायचा, तीन गोळ्या झाडायच्या आणि एकमेकांपासून सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. ज्या रायफलीचं अंतर कमी, ती जास्त अचूक. ऐकायला चोख वाटतं, पण संख्याशास्त्र याला मान्यता देत नाही.

कोणत्याही रायफलीच्या गोळ्या मध्यबिंदूभोवती विखुरतात. समजा, एखाद्या रायफलीच्या विखुरण्याचं ‘प्रमाण विचलन’, म्हणजे फैलाव मोजण्याचं संख्याशास्त्रीय माप, आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांना १ सेंटिमीटर आहे. हिच्यातून तीन गोळ्यांचे भरपूर गट झाडले तर दूरच्या दोन भोकांमधलं सरासरी अंतर साधारण २.४ सेंटिमीटर येतं. पाच गोळ्यांचे गट घेतले तर ३.१ आणि दहा गोळ्यांचे घेतले तर ३.८. रायफल तीच, काडतुसं तीच, तरी आकडा वाढत जातो, कारण जितक्या जास्त गोळ्या झाडाल तितकी एखादी लांब जाण्याची शक्यता वाढते. आणि ही झाली सरासरी. तीन गोळ्यांचा एकेक गट त्या सरासरीच्या सुमारे ३७ टक्के इकडे-तिकडे सहज सरकतो. एकदा दीड सेंटिमीटर, पुढच्या वेळी सव्वातीन, आणि मधल्या काळात काहीही बदललेलं नसतं! दोन अगदी सारख्या रायफलींतून एकेक गट झाडला तर एकीचा गट दुसरीच्या दीडपट भरणं मुळीच दुर्मीळ नाही. दुकानात अभिमानाने दाखवला जाणारा तीन भोकांचा कागद हा बऱ्याचदा केवळ योगायोग असतो. दोन रायफलींत खरोखर १० टक्क्यांचा फरक असेल आणि तो खात्रीने ओळखायचा असेल, तर प्रत्येकीतून दोनशेहून जास्त गोळ्या झाडाव्या लागतील. तेवढा खटाटोप कोणी करत नाही.

करायची गरजही नाही. हरणाच्या छातीतलं हृदय आणि फुप्फुसांचं क्षेत्र साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं असतं. अचूकता कोनात मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. एक मिनिटाची रायफल २०० मीटरवर गोळ्या ५.८ सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकते, दीड मिनिटाची ८.७ सेंटिमीटरच्या. दोन्ही त्या क्षेत्रात आरामात मावतात. धाप लागलेला माणूस उभ्याने, कशाचाही आधार न घेता नेम धरतो तेव्हा त्याच्या हाताचा थरकाप या दोन आकड्यांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. कारखान्यातून निघालेल्या ७० आणि ७०० मध्ये अचूकतेवरून निवड करणं मला निरर्थक वाटतं.

वजनाकडे पाहणं मात्र अर्थपूर्ण आहे, आणि त्यासाठी शाळेतलं संवेगाचं (वस्तुमान गुणिले वेग) गणित पुरतं. १९०६ सालापासून चालत आलेलं .३०-०६ हे काडतूस घेऊ. शिकारी त्याला ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणतात. त्यातली ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने नळीतून सुटते. तिच्या मागोमाग साडेतीन ग्रॅमच्या आसपास बंदुकीच्या दारूचा वायू तिच्याहूनही जोरात बाहेर पडतो. गोळीचा संवेग ९.६, वायूचा साधारण ४.५, मिळून १४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. ३.६ किलोच्या रायफलीत त्याची ऊर्जा २७ ते २८ ज्यूल भरते. ३ किलोच्या हलक्या रायफलीत ३३ ज्यूल. संवेग तोच राहतो, पण वजन घटलं की ऊर्जा वाढते आणि खांदा ते ओळखतो. डोंगर चढताना वाचलेल्या सहाशे ग्रॅमचा हिशेब इथे चुकता होतो. दोन-चार वेळा जोरात धक्का बसला की माणूस चाप ओढण्याआधीच नकळत अंग चोरतो, डोळे मिटतो. त्याने गोळी जेवढी भरकटते तेवढी नळीच्या दोषाने भरकटत नाही. दोन्ही मॉडेलं हलक्या आणि जड, अशा अनेक रूपांत मिळतात. म्हणून नावाआधी वजन पाहावं, आणि खांद्याला टेकवायच्या दस्त्याची लांबी आपल्या हाताला जुळते का तेही.

आता या दोघींमधला खरा फरक. तो बोल्टच्या तोंडाशी आहे.

मॉडेल ७० ची परंपरा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझरपर्यंत जाते. त्याच्या १८९८च्या लष्करी रायफलीत बोल्टच्या अंगाला पोलादाचा एक लांब, रुंद पंजा होता. मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, काडतूस वर सरकलं की त्याच्या बुडाची कड या पंजाखाली शिरते आणि तिथून पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत बोल्टच्या ताब्यात राहते. ही कल्पना इतकी पक्की होती की अमेरिकी सैन्याने १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत ती उचलली आणि सरकारला माउझर कंपनीला स्वामित्वशुल्क द्यावं लागलं.

रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. ते चेंबरमध्ये पूर्ण बसून बोल्ट बंद होताना एक छोटी स्प्रिंगची कडी त्याच्या कडेवर चढते. त्याआधी काडतूस मोकळंच असतं. याचा परिणाम घाईत दिसतो. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धवट पुढे नेला, पुन्हा मागे खेचला आणि परत ढकलला, तर पहिलं काडतूस चेंबरमध्ये राहून दुसरं त्याच्या मागे जाऊन अडकतं. पंजा असता तर पहिलं काडतूस बोल्टबरोबर मागे आलं असतं.

मग रेमिंग्टनने हे का केलं? एक कारण खर्चाचं. माइक वॉकर या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेल्या या रचनेत बोल्टघर, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो भाग, गोल नळीसारखं आहे आणि गोल वस्तू लेथवर स्वस्तात, नेमकी कातता येते. दुसरं कारण सुरक्षेचं. .३०-०६ च्या चेंबरमध्ये वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब तयार होतो आणि बोल्टवर साडेतीन टनांच्या आसपास रेटा येतो. मॉडेल ७० मध्ये पंजाला जागा देण्यासाठी काडतुसाच्या बुडाचा थोडा भाग उघडा राहतो. ७०० मध्ये बोल्टच्या तोंडाची कड, नळी आणि बोल्टघर अशी पोलादाची तीन कडी त्या बुडाला वेढून असतात. पुंगळी फाटलीच तर तप्त वायू रोखायला ही रचना सरस आहे. अमेरिकी मरीनच्या १९६६च्या एम-४० आणि सैन्याच्या १९८८च्या एम-२४ या स्नायपर रायफली याच ७०० वर बेतलेल्या आहेत.

विंचेस्टरनेही १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी मॉडेल ७० चा पंजा काढून टाकला. गिऱ्हाइकं इतकी नाराज झाली की त्याआधीच्या रायफलींना ‘प्री-सिक्स्टी-फोर’ असं वेगळं नाव आणि चढा भाव मिळाला. शेवटी १९९२ मध्ये कंपनीने पंजा परत आणला.

माझं मत विचाराल तर हरणासाठी पंजा आवश्यक नाही. काडतूस अडकलं तर हरीण निघून जाईल, एवढंच. अलास्कात तपकिरी अस्वलाच्या मागावर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे दुसरी गोळी वेळेवर बसणं हा जिवाचा प्रश्न असतो, आणि मी पंजाच निवडेन.

जुनी रायफल घेणाऱ्याने सेफ्टीकडे, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या कळीकडे, सर्वांत जास्त लक्ष द्यावं. मॉडेल ७० ची सेफ्टी बोल्टवरच असते, तीन टप्प्यांची, आणि ती थेट फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई, अडवते. मधल्या टप्प्यावर सेफ्टी लावलेली असतानाच बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते. ७०० ची सेफ्टी चापाच्या यंत्रणेवर काम करते. १९८२ पूर्वीच्या ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकायचा, त्यामुळे भरलेली रायफल रिकामी करायला आधी सेफ्टी काढावी लागे. अशा रायफलीत नळीचं तोंड कोणाकडे आहे, हे त्या क्षणी पाहायलाच हवं. शिवाय १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, एक्स-मार्क प्रो चाप बसवलेल्या ७०० कंपनीने २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या. जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्याने काही परिस्थितींत चाप न ओढताही गोळी सुटू शकत होती. वापरलेली ७०० पसंत पडली, तर पैसे देण्याआधी तिचा अनुक्रमांक तपासून घ्यावा आणि चाप बदललेला आहे की नाही, हे जाणकार गनस्मिथकडून पाहून घ्यावं.