एलजीबीटीक्यू साहित्य

एलजीबीटीक्यू साहित्य : समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी (जन्मावेळी ठरलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) व तृतीयपंथी व्यक्तींचे जगणे केंद्रस्थानी असलेले लेखन. लेखक स्वतः त्या समूहातला हवा, ही अट इथे धरलेली नाही. धरली तर मराठीतल्या महत्त्वाच्या काही कृती गळतात.

जगभर या लेखनामागे खटले आणि लपवाछपवी लागलेली दिसते. रॅडक्लिफ हॉल यांची 'द वेल ऑफ लोनलीनेस' १९२८ मध्ये लंडनच्या कोर्टाने अश्लील ठरवली. इस्मत चुगताईंवर 'लिहाफ' (१९४२) या कथेसाठी लाहोरात खटला झाला. आक्षेपार्ह शब्द दाखवता न आल्याने तो टिकला नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहून झाली, पण छापली गेली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. पुढे विज्ञानकथा (उर्सुला ले ग्विन, १९६९), बोधकथा (सुनीती नामजोशी, १९८१) आणि चित्ररूप आत्मकथन (ॲलिसन बेकडेल, २००६) असे प्रकार आले.

मराठीत हा विषय ठळकपणे रंगमंचावर आला तो तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) मधून. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात, आणि दोघांची निवेदने वेगवेगळी येतात.

कोल्हापूर भागाचे योगदान वेगळ्या वाटेने आले आहे. गडहिंग्लज परिसरातले राजन गवस यांच्या 'भंडारभोग'चा नायक जोगता आहे : यल्लमा देवीला सोडलेला, लुगडे नेसणारा, डोक्यावर 'जग' (देवीचा मुखवटा असलेली परडी) घेऊन जोगवा मागणारा पुरुष. 'चौंडकं' ही त्यांची कादंबरी जोगतिणीची. दोन्हींचा आधार 'जोगवा' (२००९) या चित्रपटाला आहे. या कादंबऱ्या वाचताना हमखास होणारी चूक म्हणजे जोगता म्हणजे समलैंगिक किंवा पारलिंगी असे सरसकट धरणे. काहींच्या बाबतीत तसे असेलही. पण अनेकांवर हे लुगडे नवसाने, आजारपणाने किंवा घरच्यांच्या भीतीने चढते. तो दाब हाच गवसांचा विषय आहे.

मराठीत लिहिताना खरी अडचण क्रियापदाची. 'तू आलास', 'तू येतेस' म्हटले की लिंग उघडे पडते. प्रिय व्यक्ती झाकायची असेल तर कवीला भविष्यकाळ ('येशील'), आज्ञार्थ ('ये') किंवा 'तुला वाटतं'सारखी रचना धरावी लागते. चार-सहा ओळी हे निभते; कादंबरीभर ताणले की भाषा आखडते. उलट पारलिंगी पात्राचे 'गेलो' कुठल्या क्षणी 'गेले' होते, एवढ्यावरही प्रसंग उभा राहतो. मुद्रितशोधक मात्र ती चूक समजून दुरुस्त करतो, म्हणून हस्तलिखितावर आधीच खूण करून ठेवावी.

ग्रंथालयात ही पुस्तके एका कपाटात सापडत नाहीत. ड्यूई वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत) मराठी नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३, आणि लैंगिक कल या विषयावरचे सामाजिक लेखन ३०६.७६ खाली जाते. 'मी हिजडा, मी लक्ष्मी'सारखे आत्मकथन चरित्रांत लागते. त्यामुळे विषय सांगण्यापेक्षा लेखकाचे नाव देऊन मागणी केलेली बरी.