घोड्याच्या लघवीतील उत्तेजके: उंबरठ्याची पार्श्वभूमी

शर्यतीच्या घोड्यांची रासायनिक तपासणी १९१० च्या सुमारास युरोपात सुरू झाली, ती लाळेतली अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त, शरीरावर जोरदार परिणाम करणारी द्रव्ये) शोधण्यापासून. स्ट्रिक्नीन, कोकेन, कॅफीन ही तेव्हाची नेहमीची द्रव्ये. माणसाला गुंगी आणणारे मॉर्फीनही त्यांत होते, कारण घोड्याला ते चेतवते. अर्क टोचल्यावर उंदराची शेपटी पाठीवर वळली की मॉर्फीनचा संशय घेत. पुढे लघवीने लाळेला मागे टाकले.

पण घोड्याची लघवी हाताळायला अवघड. दाट, बुळबुळीत, कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांनी गढूळ. सेंट्रिफ्यूज न करता ओतली तर एक्स्ट्रॅक्शन कार्ट्रिज (औषध धरून ठेवून वेगळे करणारी छोटी नळी) तुंबते. सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी, त्यामुळे ॲम्फेटामाइन मूत्रपिंडातून पुन्हा रक्तात शोषले जाते आणि नमुन्यात थोडेच उतरते. जे उतरते तेही अर्क सुकवताना उडून जाते. सुकवण्याआधी मिथेनॉलमध्ये मिसळलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर ॲम्फेटामाइनचा न उडणारा क्षार होऊन टिकतो. शरीराने ग्लुकुरोनाइड या साखरेसारख्या गटाला जोडलेले मॉर्फीन आधी एन्झाइमने सुटे करावे लागते. जुने कित्येक ‘निगेटिव्ह’ याच टप्प्यांवर घडले असावेत.

थिन लेयर प्लेट, गॅस क्रोमॅटोग्राफी, मास स्पेक्ट्रोमेट्री, एलायझा (प्रतिपिंडांवर आधारित चाचणी) असे करत शोध नॅनोग्रॅमपर्यंत पोचला, आणि खरा वाद तिथे पेटला. कोकोची टरफले मिसळलेल्या खाद्यातूनही थिओब्रोमीन हे कॅफीनचे भाऊबंद द्रव्य लघवीत येते; कॅफीन दिल्यावरही ते शरीरात तयार होते. ‘अंशही चालणार नाही’ या नियमाने निर्दोष तबेले अडकू लागले. म्हणून लघवीतल्या थिओब्रोमीनसाठी मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम हा उंबरठा, म्हणजे ओलांडली तरच दोष धरायची मर्यादा, ठरला. त्याखाली औषध देण्याची मोकळीक मिळाली, ही टीका आम्हाला पटत नाही. कॅफीन दिलेल्या घोड्याच्या लघवीत थिओफिलीन, पॅराझँथीन आणि स्वतः कॅफीनही दिसते. टरफलांतून आलेल्या नमुन्यात थिओब्रोमीनच वरचढ असते. दुसरी हरकत मात्र रास्त आहे: तेच खाद्य खाऊन कमी पाणी प्यालेल्या घोड्याची लघवी दाट होते आणि आकडा चढतो. उंबरठा लघवीच्या दाटपणाचा हिशेब धरत नाही.

‘उंबरठा’ आणि ‘चाळणी मर्यादा’ यांचीही गल्लत होते. उंबरठा खाद्यातून किंवा शरीरातूनच येणाऱ्या द्रव्यांसाठी असतो आणि नियमात छापलेला असतो. चाळणी मर्यादा उपचाराच्या औषधांसाठी असते; तिच्याखालचे प्रयोगशाळा कळवत नाही. ॲम्फेटामाइनला आंतरराष्ट्रीय नियमांत यांपैकी काहीच नाही: खात्रीने ओळखले की पॉझिटिव्ह. थिओब्रोमीनचे तसे नाही. आकडा २.१ आला तरी मोजणीतली अनिश्चितता वजा करून उरलेला आकडा २ च्या वर असावा लागतो.