एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) चालू असताना मानसशास्त्रज्ञाकडे जायचंय? चिठ्ठी कुठे अडते

पात्रता आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाकडे जायला उत्पन्नाचा किंवा अपंगत्वाचा दाखला लागत नाही. दाखले लागतात ते संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला. लोक दोन्ही कामं एकच समजून तलाठ्याकडे खेटे घालतात आणि उपचार मागे पडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे ही सेवा प्रत्येकाचा हक्क आहे.

एआरटी केंद्रातले समुपदेशक गोळ्यांचं वेळापत्रक, आहार, जोडीदाराची तपासणी बघतात. झोप उडाली, जगण्यात रस उरला नाही, दारू वाढली, घरी सांगायचा धाक बसला, तर पुढे मानसशास्त्रज्ञ हवा. नैराश्यात गोळ्या चुकतात, मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढतो. म्हणून हा उपचाराचाच भाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जायची चिठ्ठी एआरटीचे डॉक्टर देतात, पण ती तुम्ही मागायला हवी. "बरं आहे" म्हणून गोळ्या घेऊन निघालात तर कुणाला कळणार? आणि मानसशास्त्रज्ञाला भेटणं म्हणजे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात भरती होणं नव्हे. या एका भीतीने माणसं दारातून परत जातात.

एआरटी केंद्रातून मिळालेलं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सोबत न्याच. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, पण मनोविकारतज्ज्ञ देतात, आणि कार्बामाझेपीनसारखी गोळी डोल्युटेग्राव्हिर या एआरटीतल्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी करते. कोणती एआरटी चालू आहे हे त्यांना कळायलाच हवं. केसपेपरवर आजाराचं नाव मोठ्या अक्षरात नको, असं खिडकीवर स्पष्ट सांगा. एचआयव्ही कायदा, २०१७ तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करू देत नाही. खिडकीवरून मोठ्याने आजार विचारणाऱ्याला हे कुणीतरी शिकवायला हवं.

मुंबईहून कायमचं गावी आलेल्या चाकरमान्यांकडे नेमकं एआरटी केंद्र बदलायचं ट्रान्सफरचं पत्र नसतं. जुन्या केंद्रातून ते निघतानाच घ्या. नंतर फोनवर मिळवताना महिने जातात. बोटीवर जाणाऱ्यांनी पुस्तकातली तारीख गोळ्या संपायची समजू नये, गोळ्या संपायच्या आधीच केंद्रात जायचं असतं. प्रकृती स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, ते विचारा.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र चिठ्ठीची वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.