बायकांचा पाय म्हणजे पुरुषांच्या पायाची छोटी साईज?

ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभं राहिलं की ठसा उमटतो ना, टाच, चवडा, बोटं, आणि कमानीची जागा कोरडी, तळपायावरच्या प्रेशरचा अभ्यास साधारण अशाच ठशांवरून सुरू झाला. १८८२ मध्ये बीली नावाच्या संशोधकाने प्लास्टर भरलेल्या पिशवीवर माणसं उभी केली, खड्डा जिथे खोल तिथे भार जास्त असा साधा हिशोब, पण त्यातून पायाचा आकारच जास्त कळायचा, दाब कमी. १९३४ मध्ये एल्फ्टमन या दुसऱ्या संशोधकाने भारी डोकं लावलं, काचेवर खालून टोकं असलेली रबरी मॅट टाकली, वरून माणूस चालवला आणि काचेखालून शूटिंग केलं, जिथे दाब जास्त तिथे टोकं जास्त चपटी, म्हणजे टाचेकडून अंगठ्याकडे भार कसा सरकतो ते चक्क दिसायला लागलं.

मग १९४७ ला हॅरिस आणि बीथ यांचा कॅनडाच्या आर्मीतला पायांचा मोठा सर्व्हे आला. तिथे मापं कोणाची, तर जवानांची. बायकांचा पाय वेगळा आहे का हे विचारायला बराच वेळ गेला.

१९८७ मध्ये कॅव्हनाग आणि मंडळींनी अनवाणी उभ्या माणसाचा भार मोजला, टाचेवर साधारण ६०%, चवड्यावर २८%, मधल्या भागावर ८% आणि बोटांवर फक्त ४%. आणखी एक गंमत म्हणजे माणसाचं वजन जास्त म्हणून तळव्यावर एखाद्या जागी पडणारा सगळ्यात मोठा दाबही जास्त, असं काही दिसलं नाही. बायका-पुरुषांच्या बाबतीतही तेच गणित लागतं, बायकांचं वजन सरासरीने कमी पण टेकणारा तळवाही लहान, आणि दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, त्यामुळे अनवाणी चालताना फरक वाटतो तेवढा निघत नाही.

खरा घोळ चपला-बुटांचा. हील चढवली की टाचेवरचा भार पुढे चवड्यावर, त्यातही अंगठ्याच्या बाजूला येतो, वर पुढून निमुळता शू असेल तर विचारूच नका. (हील्स युरोपात पहिल्यांदा मिरवल्या त्या पुरुषांनी, फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्याच्या लाल टाचा आठवा.) २००१ मध्ये वुंडरलिक आणि तोच कॅव्हनाग, दोघांनी स्पष्टच लिहिलं की बायकांचा पाय ही पुरुषांच्या पायाची लहान आवृत्ती नाही, कमान, करंगळीकडची बाजू, अंगठा, घोटा, सगळ्यांचा आकारच वेगळा. म्हणजे जेन्ट्सचा साचा बारीक करून वर गुलाबी नाडी लावली की झाला लेडीज शू, हे चालत नाही.